बोलावलं नाही तरी लागणारी हजेरी

रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर उतरून बाजारपेठेकडे चालायला लागलं की पहिल्या शंभर पावलांत चार जण तरी विचारतात, "कधी आलासा?" पाचवा विचारत नाही, कारण आपण येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. कोरेगाव तालुक्यातलं हे जुनं बाजाराचं गाव. आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाचा मकबरा इथे आहे, नगरपालिका आहे, पोलीस ठाणं आहे. या सगळ्यांपेक्षा पक्की अशी आणखी एक व्यवस्था आहे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या आल्याला काय दर मिळाला, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं. अशा गावात कुणी म्हणालं, 'खासगीपणा धोक्यात आलाय', तर समोरचा शांतपणे विचारील, "होता कवा?"

प्रश्न खोडसाळ वाटला तरी खरा आहे. जिथे सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक, तिथे हरवायला उरलंय काय? उत्तर शोधायला आधी एका दुकानात डोकावू.

चौथी चौकट

ओळखीच्या आण्णांच्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. गल्ल्यामागे फळीवर गणपतीची तसबीर, तिच्या शेजारी एक काळा डबा आणि वर टीव्हीचा पडदा. पडद्यावर आठ चौकटी. पहिलीत गल्ला, दुसरीत खताच्या पोत्यांची थप्पी, तिसरीत गोदामाचं शटर. चौथीत समोरचा रस्ता आणि रस्त्यापलीकडच्या घराचा ओटा. ओट्यावर एक बाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. मध्येच तिने पदराने तोंड पुसलं, पाय लांब केले. चित्र इतकं स्वच्छ की पायातली जोडवी दिसावीत. आपण आण्णांच्या चौथ्या चौकटीत बसलो आहोत, हे तिच्या गावीही नव्हतं.

"आण्णा, याचा पासवर्ड काय ठेवलाय?"

"त्यो बसवणाऱ्या पोराला म्हाईत. आपल्याला काय करायचाय? मोबाईलवर दिसतंय की. साताऱ्यात बसून गल्ला बघतो मी."

आण्णांच्या या एका वाक्यात सगळी गोम आहे. तो काळा डबा म्हणजे डीव्हीआर. कॅमेऱ्यांचं चित्रण त्याच्या आतल्या डिस्कवर साठत जातं, डिस्क भरली की सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं चढतं. डबा दुकानापुरता असेल, तर चित्रण पाहायला दुकानातच यावं लागतं. पण साताऱ्यात बसून गल्ला दिसायचा, तर डबा इंटरनेटला जोडावा लागतो. जोडला की तो एक छोटा संगणक होतो आणि त्याचं दार जगाच्या रस्त्यावर उघडतं. दाराला कुलूप पासवर्डचं. कारखान्यातून निघताना हजारो डब्यांना एकच किल्ली दिलेली असे, आणि बसवणाऱ्याने ती बदलली नाही तर ती तशीच राहते.

ही किल्ली केवढं नुकसान करू शकते, ते जगाने २०१६ साली पाहिलं. 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रॅममध्ये कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या भरलेल्या होत्या. तो इंटरनेटवर दारोदार फिरून प्रत्येक कॅमेऱ्याला आणि डीव्हीआरला त्या लावून बघे. ज्यांची दारं उघडली, त्या यंत्रांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या कंपनीवर हल्ला झाला. ही कंपनी संकेतस्थळांचे पत्ते सांभाळायची. ट्विटरसारखी बडी संकेतस्थळं अमेरिकेत काही तास कोलमडली. कुणाच्या तरी दुकानातले कॅमेरे त्या फौजेत शिपाई होते आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

तो हल्ला संकेतस्थळांवर होता. माणसांवरचा हल्ला आपल्या फार जवळ येऊन गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं चित्रण बाहेर फुटल्याचं उघड झालं. तपासणीच्या खोलीत स्त्रियांना इंजेक्शन देतानाची, तपासतानाची दृश्यं. यूट्यूबवर त्यांचा तुकडा दाखवायचा आणि पूर्ण चित्रण टेलिग्रामवर विकायचं, असा तो धंदा. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी सुरुवातीला ज्यांना पकडलं, त्यांत एक तरुण लातूरचा होता आणि एक सांगलीचा. अटक म्हणजे शिक्षा नव्हे, गुन्हा शाबीत झाला की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण तपासातून पुढे आलेली पद्धत सगळ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. देशभरातल्या कॅमेऱ्यांच्या डब्यांवर अंदाजाचे पासवर्ड यंत्राने लावून बघायचे, उघडेल तो आपला. 'अ‍ॅडमिन१२३' इतका साधा पासवर्डही चालून गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार वेगवेगळ्या राज्यांतल्या कॅमेऱ्यांमधून हजारो चित्रफिती अशा उचलल्या गेल्या होत्या, आणि त्यांत आपल्याकडच्या शहरांचाही समावेश होता.

छुपा कॅमेरा म्हटलं की डोळ्यांपुढे पेनात, शर्टाच्या गुंडीत, लॉजच्या घड्याळात दडवलेली भिंगं येतात. तीही खरीच आहेत. पण २०१५ च्या एप्रिलमध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी ज्याबद्दल तक्रार केली, तो कॅमेरा दुकानावर नजर ठेवणाराच होता. त्याचं तोंड कपडे बदलण्याच्या खोलीकडे आहे, ही तक्रार होती. राजकोटचा कॅमेराही रुग्णालयाच्या नेहमीच्या सीसीटीव्हीतलाच होता. आज बरेच 'छुपे' कॅमेरे असेच राजरोस असतात. भिंग दिसतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते दिसत नाही.

चावडीवरची हजेरी

नजर ठेवण्याचा इतिहास या मुलखाला नवा नाही. सातारा-पुण्याकडच्या गावांत रामोशी हे परंपरेने गावाचे रखवालदार. रात्री गस्त घालायची, चोर आला तर माग काढायचा, ही त्यांची जबाबदारी. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो वाढवून मुंबई इलाख्यालाही लागू केला, १९२४ मध्ये पुन्हा पक्का केला. मग रामोशी, बेरड, पारधी, कैकाडी अशा समाजांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. गावावर नजर ठेवणाऱ्यावरच सरकारची नजर आली.

त्या नजरेचं नाव 'हजेरी'. ठरल्या वेळी चावडीवर किंवा ठाण्यात जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. बाहेरगावी जायचं तर दाखला काढायचा. नोंदवहीत नाव आणि बोटांचे ठसे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती, लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत. वारणेच्या खोऱ्यातला मांग समाज या हजेरीखाली कसा भरडला गेला, ते वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा' या कादंबरीत आलं आहे. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस आजही 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो.

हजेरी क्रूर होती, पण तिच्यात एक गोष्ट उघड होती. हजेरी देणाऱ्याला ती दिल्याचं कळत होतं. तो चावडीपर्यंत चालत जायचा. कोण नोंद घेतंय ते समोर दिसायचं. म्हणून तिच्याविरुद्ध चीड येऊ शकली, बंड होऊ शकलं, पुढे कायदा मोडीत निघू शकला. जी हजेरी देणाऱ्यालाच कळत नाही, तिच्यावर चिडायचं तरी कुणी?

गावाने मिटलेलं तोंड

त्याच मातीत उलटी गोष्टही घडली आहे. १९४२ च्या चळवळीनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत मिळून, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. लोकांच्या तोंडी ते पत्री सरकार. १९४६ पर्यंत त्याचे कार्यकर्ते भूमिगत राहिले. रात्री एखाद्या वस्तीवर यायचे, भाकरी खायची, पहाटेच्या आत पुढे सरकायचं. कोण आलं, कुठल्या वाड्यात निजलं, हे गल्लीला ठाऊक असायचंच. गावात अनोळखी कुत्रं आलं तरी कळतं, तिथे माणूस कसा लपेल? पोलिसांचे खबरे होते, बक्षिसं होती, मारझोड होती. तरी एवढी वर्षं ते लपले, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"होता कवा?" या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. गावातला खासगीपणा म्हणजे कुणालाच काही ठाऊक नसणं, असा कधीच नव्हता. ज्याला ठाऊक आहे त्याला कुठे काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं याचं भान असणं, एवढाच तो होता. सुईणीला घरातलं सगळं कळायचं, पण ते पारावर यायचं नाही. वाण्याला कुणाची उधारी किती हे ठाऊक असायचं, पण सोयरिकीच्या वेळी तो वही उघडून बसायचा नाही. हे भान सुटायचंही. चहाडी होती, सासुरवाशिणीवर तर हजार डोळे होते, आणि गावाच्या या नजरेने कित्येकींचं जिणं नकोसं केलं, हे विसरून चालणार नाही. पण चहाडी करणाऱ्याला तोंड असायचं. त्याला गाठून जाब विचारता यायचा.

हेलन निसेनबॉम या अमेरिकी अभ्यासक हेच शास्त्राच्या भाषेत मांडतात. प्रत्येक माहितीला एक ठिकाण असतं आणि त्या ठिकाणाचे रिवाज असतात. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशी ठीक, तेच विमा कंपनीकडे गेलं की घात. माहिती 'उघडी की झाकलेली' एवढंच बघून भागत नाही. ती आपल्या वाटेने गेली की भलत्या वाटेने, हे बघावं लागतं. राजकोटच्या त्या बायकांनी डॉक्टरपासून काही लपवलं नव्हतं. तपासणीच्या खोलीतलं दृश्य बाजारात गेलं, हा घात होता.

कॅमेऱ्याला आणि फोनला हे भान नसतं. सुईण त्यांना ठाऊक नाही आणि वाणीही नाही. पाहिलेलं विसरावं कधी, हे तर मुळीच नाही.

खिशातली चावडी

आता खिशातल्या फोनकडे येऊ. साधा बटणांचा फोन असला तरी तो सतत जवळच्या टॉवरला 'मी इथे आहे' असं सांगत असतो. सांगावंच लागतं, नाहीतर आलेला कॉल कंपनी पोचवणार कुठे? कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरखाली होता, याची नोंद म्हणजे सीडीआर. कंपन्यांनी ती किमान दोन वर्षं जपावी, असा सरकारचा दंडक आहे. बोलणं त्यात नसतं. पण माणूस ओळखायला बोलण्याची गरजही नसते. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या फोनच्या १५ महिन्यांच्या नोंदी नाव-नंबर काढून टाकून तपासल्या. स्थळ आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या मिळाल्या, तरी ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येत होती. रहिमतपूरच्या भाषेत सांगायचं तर पहाटे दूध डेअरी, नऊला शाळा, दुपारी बाजार, संध्याकाळी देऊळ. या चार हजेऱ्या याच क्रमाने, याच वेळी देणारा माणूस पंचक्रोशीत एकच असतो.

स्मार्टफोनवर टॉवरच्या जोडीला अ‍ॅप येतात. बॅटरीचं अ‍ॅप लोकेशन मागतं, टॉर्चचं अ‍ॅप संपर्कयादी मागतं, आपण 'अलाऊ' दाबून मोकळे होतो. प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो. आपलं नाव न घेताही त्या क्रमांकाखाली आपण कुठे जातो, काय शोधतो, रात्री किती वाजेपर्यंत जागतो, याची पोथी बनत जाते आणि विकलीही जाते.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'मोटरपंपाविषयी नुसतं बोललो आणि फोनवर पंपाची जाहिरात आली, म्हणजे फोन ऐकतो,' असं सगळीकडे म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून आवाज टिपून पाठवताना एकही सापडलं नाही. मात्र काही अ‍ॅप फोनच्या पडद्यावरचं चित्र टिपून तिसऱ्याच कंपन्यांना पाठवत होती, हे सापडलं. ऐकण्याची त्यांना गरजच पडत नाही. तुम्ही पंपाच्या दुकानाजवळ थांबलात, तुमच्या भावाने पंपाचे दर शोधले, आणि दोघांचे फोन एकाच वायफायवर आहेत. अंदाज बांधायला एवढं पुरतं. फोन ऐकत असता तर बरं होतं, निदान गप्प बसता आलं असतं.

या पोथीचा सर्वांत ओंगळ वापर कर्जाच्या अ‍ॅपनी केला. पाच-दहा हजारांचं झटपट कर्ज, कागदपत्रं नाहीत, फक्त संपर्कयादी आणि फोटो बघण्याची परवानगी. हप्ता चुकला की मामापासून मुलाच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना फोन, फोटोची छेडछाड करून धमक्या. महाराष्ट्रात गावोगाव अशा तक्रारी झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादी, कॉलच्या नोंदी, फोनमधल्या फायली यांना हात लावता येणार नाही. नियम पाळणारी अ‍ॅप सुधारली. जी मुळात बेकायदा आहेत, ती नियम वाचत बसत नाहीत.

अंगठ्याचीही गोष्ट आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. एकेकाळी बोटांचे ठसे 'गुन्हेगार' म्हणून घेतले जात, आता रेशनचे तांदूळ घेताना आपणच यंत्रावर अंगठा ठेवतो. हेतू वेगळा आहे, फायदेही खरे आहेत. पण प्रत्येक अंगठ्यामागे एक नोंद उमटते, आणि ही नोंद आपल्याला पाहता येते हे फार थोड्यांना माहीत आहे. आधारच्या संकेतस्थळावर आपला आधार कधी कधी तपासला गेला याची यादी मिळते, आणि बोटांच्या ठशांना तात्पुरतं कुलूपही लावता येतं.

उंबऱ्याच्या आत

सरकार आणि कंपन्या यांच्याबद्दल बोलणं सोपं. रोजच्या जगण्यातली बरीचशी पाळत घरातूनच होते. नवऱ्याने बायकोचा फोन दोन मिनिटं हातात घेतला, व्हॉट्सअ‍ॅपमधून आपल्या संगणकाला जोडून टाकला, की तिचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे. 'लिंक्ड डिव्हाइसेस' या पानावर ती जोडणी दिसते, पण ते पान उघडून बघणारे किती? मुलगी कॉलेजला गेली की तिच्या फोनवर लोकेशन चालू करून ठेवलं जातं. काळजी आणि पाळत यांच्यातली रेघ इथे फार पुसट असते. तिला सांगून केलं तर काळजी, न सांगता केलं तर पाळत, एवढी साधी कसोटी पुरे आहे.

चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल न्यायालयांचा कल मात्र अनेकांना चकित करील. मुंबईचे कोरोनर मलकानी यांच्याविरुद्धच्या लाचेच्या खटल्यात फोनवरचं बोलणं टिपून पुरावा म्हणून आणलं होतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचं चोरून टिपलेलं बोलणंही पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागलेत, म्हणजे विश्वास आधीच संपलेला आहे, असा त्यामागचा विचार. भिंगाच्या बाबतीत वारं थोडं वेगळं वाहतंय. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं म्हणजे त्याच्या खासगीपणावर घाला, असं कोलकाता उच्च न्यायालयाने ठरवलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. सातबाऱ्यावरून, बांधावरून, सामाईक अंगणावरून भांडणारी आपल्याकडची भावकी पाहिली, तर हा निकाल कागदावर लिहून दाराला चिकटवण्यासारखा आहे.

कायद्याचा हात कुठवर

खासगीपणाच्या हक्काचा आपला कायदा हजेरीतूनच घडत गेला, हा योगायोग नव्हे. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप शाबीत झाला नव्हता, तरी पोलीस घरावर पहारा ठेवत, रात्री-अपरात्री दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दार ठोठावणं बेकायदा ठरवलं, पण बाकीची पाळत चालू दिली, कारण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं बहुमताचं मत पडलं. ते मत पुसायला ५५ वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

फोन टॅपिंगचे नियम सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने घालून दिले. गृह सचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश हवा, तो ठरावीक मुदतीचाच, आणि त्यावर समितीची तपासणी. नियम मोडला तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले केंद्रीय गृह खात्याचे टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. 'सार्वजनिक सुरक्षितता' हे कारण तिथे लागूच पडत नव्हतं. पण त्यासाठी टॅपिंग झाल्याचं आधी कळावं लागतं. 'पेगासस' हे पाळतीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरल्याच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं मात्र ठामपणे सांगता आलं नाही.

कपडे बदलताना किंवा खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणं, टिपणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. पुरुष असो वा स्त्री, खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपलं, पसरवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई लागतं. तक्रार जवळच्या ठाण्यात करता येते, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. १९३० हा क्रमांकही आहे. लॉजवर किंवा ट्रायल रूममध्ये शंका आली तर दिवे मालवून टॉर्चचा झोत हळूहळू फिरवावा, भिंग असेल तर बारीक ठिणगीसारखं चमकतं. आणि संशयास्पद वस्तू सापडली तर ती काढून हातात घेऊ नये. फोटो काढून, हात न लावता पोलिसांना बोलवावं.

कंपन्यांसाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बरीचशी कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येणार आहेत. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम झालं की पुसा, फुटली तर कळवा, असा त्याचा सांगावा, आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण त्याला दोन मोठी भगदाडं आहेत. सरकारला भरपूर सूट आहे. आणि कुणी घरगुती, वैयक्तिक कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे शेजाऱ्याने घरावर लावलेला कॅमेरा तुमच्या न्हाणीच्या खिडकीकडे रोखला, तर या कायद्याकडे बोट दाखवून फार काही मिळणार नाही. तिथे आधी जुनं शहाणपण कामाला येईल: जाऊन सांगणं.

स्टुलावर चढून

नव्या कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. पण रहिमतपुरातल्या फळ्यांवर बसलेले डबे जुने आहेत, त्यांचे पासवर्ड माणसांनाच बदलावे लागतील. त्या दिवशी आण्णांनी बसवणाऱ्या पोराला फोन लावला. पोराने हसत पासवर्ड सांगितला, आणि तो तुम्ही मनात धरलाय तोच होता. आम्ही नवा, लांबलचक ठेवला, आण्णांनी तो खतांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही तिजोरीत टाकली. पोराचं जुनं खातं काढून टाकलं. डिस्क पंधरा दिवसांनी आपोआप पुसली जाईल असं ठेवलं. 'येथे सीसीटीव्ही चालू आहे' असा फलक दारावर लावायचं ठरलं.

राहिली चौथी चौकट. आण्णांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि कॅमेरा चार बोटं खाली, दोन बोटं आत वळवला. पडद्यावरून ओटा सरकत सरकत गेला. आता तिथे फक्त दुकानाची पायरी आणि रस्त्याची एक पट्टी उरली.

पलीकडून ती बाई सूप मांडीवर ठेवून वर बघत होती. "आण्णा, काय करतायसा वर चढून?"

"काय नाय वहिनी. ह्ये तुमच्या वट्ट्याकडं बघत व्हतं. वळवलं."

तिने पाय आवरते घेतले. थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "कवापासनं?"

आण्णा स्टुलावरच थांबले. "दिवाळीपासनं," ते म्हणाले.